सिंधूमाईंचं ताट

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माळेगव्हाणच्या चंद्रभान नाना विधात्यांनी आजवर जेवढ्या थापा मारल्या, तेवढ्या गावानं डोळे मिटून खऱ्या मानल्या. त्यांच्या विहिरीला एके वर्षी इतकं गोड पाणी लागलं की म्हशीच्या दुधाचा बिनसाखरेचा पेढा व्हायला लागला, हे मानलं. गारपिटीतली एक गार त्यांनी झेलून फ्रिजमध्ये ठेवली आणि पुढच्या उन्हाळ्यात जावयाला तिचं सरबत पाजलं, हेही मानलं. पण नानांच्या आयुष्यात एक गोष्ट अगदी खरोखर घडली, आणि तीच सांगायला घेतली की ऐकणारा हसत उठून जातो. तेव्हा ज्याला उठायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. मधेच उठलं की चपला सापडत नाहीत.

काळ फार लांबचा नाही. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांवर फवारणीला ड्रोन यायला लागले होते. ते नानांपेक्षा कमी आवाज करतात, म्हणून सिंधूमाईंना ते आवडत. ऑक्टोबरची छाटणी सरकत सरकत नोव्हेंबरात गेली होती. नाना अठ्ठ्याहत्तरीला आले होते आणि सिंधूमाई त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघंच राहायचे, बागेला लागून असलेल्या घरात. मुलगी दूर सुरतेला.

सिंधूमाईंचे पाय गेले होते. म्हणजे मोडले नव्हते, दुखतही नव्हते. नुसते आतून रिकामे झाले होते. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात एकाही मजुराला स्वतःच्या पुढे घड खुडू दिला नाही, तिला आता खुर्चीतून उठायला दोन हात आणि एक नवरा लागत होता. नवराही धड नव्हताच. तिला उठवता उठवता तोच तिच्या खुर्चीत बसायचा, आणि मग दोघंही हसत, कुणीतरी दारावरून जाईल याची वाट बघत बसायचे.

अशात द्राक्षं पिकल्यावर एके दिवशी डॉक्टर मेहजबीन शेख बागेत आल्या. तिशीतली मुलगी, पायात बूट, डोक्यावर उन्हाची टोपी. नाशिकच्या एका संशोधन केंद्रातून आली होती. नानांनी रीतीप्रमाणे सगळ्यात देखणा घड तोडून पुढे केला. मणी न् मणी सारखा, वर पांढरी लव.

"हा नको, नाना," ती म्हणाली. "घाणेरडा दाखवा."

नानांना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

"डाग पडलेला, उन्हानं भाजलेला, बुरशी येऊन गेलेला. असा नाही का तुमच्याकडे कुठे?"

असा होता. बागेच्या कोपऱ्यात विजेच्या तारांखाली काळ्या द्राक्षांच्या दोन ओळी होत्या. तारांमुळे तिथं ड्रोन जात नसे, आणि पाठीवर पंप घेऊन नाना जात नसत. दरवर्षी त्या वेली आजारी पडायच्या, आपल्या आपण बऱ्या व्हायच्या, आणि पाहुणे आले की नाना त्यांना त्या बाजूला फिरकू द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी तिथला एक खरबरीत मणी तोडला, चिमटीत धरून त्याची साल उन्हात पाहिली आणि सोनं सापडल्यासारख्या हसल्या.

ओट्यावर चहा घेताना त्यांनी जे सांगितलं ते असं.

वेल पळू शकत नाही. बुरशी आली, ऊन तापलं, तर ती जागच्या जागी घाबरते आणि मण्याच्या सालीत स्वतःच्या बचावाची द्रव्यं भरून ठेवते. त्यातलं एक म्हणजे रेझव्हेरेट्रॉल. ज्या वेलीला कधी घाबरावंच लागलं नाही, तिच्या सालीत ते नावालाच. द्राक्षवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फवारून, झाकून, पुसून वेलींना लाडावलं, आणि नेमकं कामाचं तेवढं काढून टाकून गोड पाणी परदेशी पाठवलं.

"म्हणजे आळशी माणसाचीच बाग खरी," नाना म्हणाले.

"अहो, आता हे गावभर सांगत सुटू नका," सिंधूमाई म्हणाल्या.

"पण मॅडम, वाइननं माणूस जास्त जगतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आमच्या एका भाच्यानं तर फार मनापासून प्रयोग केला. चाळिशीतच गेला."

डॉक्टर हसल्या नाहीत. "तिथंच सगळे चुकले, नाना. लोकांना वाटायचं म्हातारपण म्हणजे गंज, आणि ही द्रव्यं म्हणजे गंज पुसायचा फडका. म्हणून गोळ्या खाल्ल्या. काही झालं नाही. वाइन प्यायले, तर दारूनं जे व्हायचं ते झालं. खरं तर तो फडका नाहीच. ती घंटा आहे. आपल्या स्नायूंच्या पेशींमध्ये बारक्या भट्ट्या असतात, त्यांवर अंग चालतं. त्या जुन्या झाल्या की धूर जास्त आणि आच कमी. शरीरात त्या मोडून नव्या बांधणारा कामगार असतो, पण वयाबरोबर तो झोपतो. ही घंटा त्याला उठवते."

"मग वाजवा की."

"वाजायच्या आधीच यकृत तिला उचलून बाहेर टाकतं. परकं म्हणून. तासाभरात."

आणि इथं डॉक्टरांचा शोध होता. काही माणसांच्या तोंडात आणि पोटात एक जंतू राहतो. तो सालीतलं द्रव्य घेतो, त्याचे लहान तुकडे करतो, आणि तो तुकडा यकृताच्या समोरून बिनदिक्कत निघून जातो, थेट पेशीपर्यंत. ज्याच्याकडे हा जंतू, त्याला साल लागू पडते. ज्याच्याकडे नाही, त्यानं पोतंभर द्राक्षं खाल्ली तरी पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही.

त्या हंगामात तारांखालच्या द्राक्षांची सालीसकट वाइन केली गेली, मग तिच्यातली दारू पूर्ण काढून घेतली आणि उरलेला दाट काळा रस बाटल्यांत भरून गावातल्या म्हाताऱ्यांना रोज एक घोट असा वाटला. शेजारचा कारभारी तिडके पहिला घोट घेऊन म्हणाला, "यातली दारू काढली? मग ती गेली कुठं? मला त्या बाजूच्या प्रयोगात घ्या ना."

सहा महिन्यांनी नाना खुर्चीतून हात न टेकता उठले. मग पुन्हा बसून पुन्हा उठून दाखवलं. मग डॉक्टरांनी पुरे म्हणेपर्यंत उठबस करत राहिले. त्यांच्या रक्तातही तो लहान तुकडा सापडला. सिंधूमाईंनीही तोच घोट, त्याच वेळी, त्याच ओट्यावर बसून घेतला होता. त्यांच्या रक्तात काही नव्हतं. नानांकडे जंतू होता, माईंकडे नव्हता. एवढंच.

गावानं त्या जंतूला नाव देऊन टाकलं होतं. विरजण. ज्याच्यात विरजण आहे तो घट्ट होणार, बाकीचं दूध तसंच राहणार आणि एक दिवस नासणार. लवकरच हे वेड गावाबाहेर पसरलं. संशोधन केंद्रानं विरजणाच्या गोळ्या करून पाहिल्या, पण बाटलीत एकटं पडलं की ते मरायचं. ते फक्त माणसाकडून माणसाकडे जायचं, रोज थोडं थोडं, तोंडचं अन्न वाटून खाल्लं तर. लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर विरजण विचारू लागले. शहरात एका हॉटेलानं म्हणे एक विरजणवाला पगारी ठेवला. तो प्रत्येक टेबलावर जाऊन आमटी चाखून द्यायचा, आणि त्या टेबलांसाठी रांग लागायची. माळेगव्हाणात नानांखेरीज मथुराबाई पगाऱ्यांकडे विरजण निघालं. ज्यांच्या ओट्यावर मथुराबाईंना पाणीसुद्धा वरून ओतून मिळालं होतं, ती घरं वाट्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मथुराबाईंनी सगळ्यांना बसवलं, चहा पाजला, आणि उष्टं मागितलं की म्हणायच्या, "आज जेवलेच नाही बाई, उपास आहे." त्यांचा उपास दोन वर्षं चालला.

"तुम्हाला काय अडचण आहे?" डॉक्टर मेहजबीन नानांना म्हणाल्या. "घरातच विरजण आहे. माईंना रोज तुमच्या ताटातलं खायला घाला. घोट चालू ठेवा. तीन-चार महिन्यांत रुजेल." मग थोडं अडखळून त्यांनी आणखी एक मार्ग सुचवला, जो नवराबायकोला सुचवता येतो.

नाना लाजले. "मॅडम, तुम्ही पन्नास वर्षं उशिरा आलात."

"नुसत्या त्यानं भागणारही नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाल्या. "पोटात जेवण हवं. ताटच बरं."

आतून सिंधूमाईंचा आवाज आला. "ते होणार नाही."

हे का होणार नाही, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

सिंधूमाईंचं माहेर वणीच्या बाजूचं. घरात आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, आणि शेवटी आई, वडिलांच्या त्याच ताटात, उरलेलं. कधी भाकरीचे काठ उरायचे, कधी चावून टाकलेल्या शेंगा. कधी काहीच नाही, आणि आई ताटाला लागलेलं बोटानं पुसून घ्यायची. पोरीनं हे वर्षानुवर्षं पाहिलं. लग्न होऊन ती माळेगव्हाणला आली, तेव्हा पहिल्याच पंगतीनंतर सासूनं तिच्यापुढे चंद्रभानचं जेवून झालेलं ताट सरकवलं, कोपऱ्यात लापशीचा एक घास ठेवलेलं. नवी नवरी उठली. मोरीवर गेली. ताट घासलं, धुतलं, पुसलं, आणि परत येऊन त्यात स्वतःच्या हातानं वाढून घेतलं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. सासूला वाटलं, आता पोरगा हात उगारणार.

तेवीस वर्षांचा चंद्रभान म्हणाला, "बरं केलंस. तशीही मला उरवायची सवय नाही."

नवरी हसली. त्या हसण्यावर दोघांनी पंचावन्न वर्षं काढली.

तेव्हापासून गावात कुणाचीही सून आली की सिंधूमाई तिला एक स्टीलचं ताट द्यायच्या, त्यावर तिचं स्वतःचं नाव कोरलेलं. सासऱ्याचं नाही, नवऱ्याचं नाही. "यात आधी तू जेवायचं," एवढंच सांगायच्या. कारभाऱ्याची सून अलका ते ताट घेऊन ढसाढसा रडली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून कारभाऱ्याच्या घरी सगळे एकदम जेवायला बसू लागले. अशी ताटं गावात घरोघरी होती.

"माई, हा प्रश्न औषधाचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मानाचा नाही."

"बाळा, माझ्या आईलाही सगळे हेच सांगायचे. अन्नाचा प्रश्न आहे, मानाचा नाही."

डॉक्टरांनी पिशवी उचलली. जाताना नानांना मात्र बाजूला घेऊन बोलल्या. पाय गेले, आता पाठ जाईल. मग श्वासाचे स्नायू. पुढची दिवाळी माई कदाचित बसून पाहतील. त्यापुढची नाही.

नानांची मात्र चैन चालली होती, आणि तीच त्यांना टोचत होती. ते आता बागेतून धावत यायचे. सिंधूमाईंना उचलून उन्हात बसवायचे, उचलून सावलीत आणायचे. एकदा उचलताना त्यांना जाणवलं की त्या फार हलक्या झाल्यात, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटइतक्या. ते उंबऱ्यातच थांबले.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"काही नाही. तू जाड झालीस."

स्वयंपाक आता नानाच करायचे. एके दुपारी त्यांनी मटकीची आमटी केली, सिंधूमाईंची वाटी भरली आणि ती हातात घेऊन चुलीपाशी उभे राहिले. मग वाटीला तोंड लावून एक घोट घेतला आणि उरलेली आमटी पुन्हा ढवळली. कुणी पाहिलं नाही. कुणाला कळायचं कारण नव्हतं. रोज एक घोट, तीन-चार महिने. या माणसानं सरपंचापासून कलेक्टरापर्यंत सगळ्यांच्या तोंडावर थापा मारल्या होत्या, पापणी न हलवता. ही थाप तर सगळ्यात सोपी होती. हिच्यात बोलायचंसुद्धा नव्हतं.

त्यांनी ताट पुढे ठेवलं. सिंधूमाईंनी भाकरी मोडली, तुकडा वाटीत बुडवला, उचलला.

"सिंधू, थांब."

"काय? मीठ विसरलात?"

"खाली ठेव तो घास. मी तोंड लावलंय वाटीला."

सिंधूमाईंनी घास खाली ठेवला. वाटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. उठायला म्हणून त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, जोर लावला, आणि काहीच झालं नाही. मोरी दहा पावलांवर होती.

"धुऊन आणा," त्या म्हणाल्या.

नानांनी वाटी धुऊन आणली. दुसरी आमटी वाढली. सिंधूमाई जेवल्या आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसरा दिवसही तसाच गेला. नानांनी म्हशीची गोष्ट सांगून पाहिली, गारेची सांगून पाहिली. भिंतीनं तरी हुंकार दिला असता. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्या अचानक बोलल्या.

"का सांगितलंत?"

"काय?"

"परवा. गप्प बसला असतात तर मी खाल्लं असतं. बरीही झाले असते."

नानांचा हात थांबला. "झाली असतीस. पण मग रोज तू माझ्यासमोर बसून जेवली असतीस, आणि मला तुझ्याकडे बघता आलं नसतं. ते जमणार नाही मला. एवढं बघायला दुसरं आहे काय या घरात?"

सिंधूमाई अंगणात बघत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की केसांतून फणी फिरत नाहीये, आणि मागे कुणीतरी नाक ओढतंय.

"रडताय?"

"नाही. कांदा."

"केसांत कांदा?"

"तेलच तसलं आहे तुझं."

"पुढे या," त्या म्हणाल्या. नाना पुढे आले, फणी हातात तशीच. "मी मरायला बसलेली नाही. तुम्हाला एकटं सोडलं तर तुम्ही गावाला आणखी काय काय सांगाल, देव जाणे. पण मी आईसारखं जगणार नाही. कुणी खाल्ल्यावर जे उरेल त्यावर नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग माळ्यावरचं मोठं ताट काढा. पाहुण्यांना फळं द्यायचो ते. नाव नसलेलं."

त्या दुपारी दोघं समोरासमोर बसले, मधे ते ताट. एक भाकरी, दोघांनी दोन बाजू धरून मोडलेली. एकच वाटी आमटीची. बाजूला काळ्या रसाचे दोन घोट.

"आता नीट ऐका," सिंधूमाई म्हणाल्या. "तुमच्याआधी मी खाणार नाही. तुमच्यानंतरही खाणार नाही. घास बरोबर उचलायचा, बरोबर बुडवायचा, बरोबर तोंडात घालायचा. संपलं की दोघांनी उठायचं. म्हणजे तुम्ही उठायचं आणि मला उठवायचं."

"कवायत आहे का ही?"

"आहे. उचला."

उचलले. बुडवले. नानांचा घास तोंडात जाऊन, चावून, गिळूनही झाला, तरी माईंचा हात अजून निम्म्या वाटेवर होता.

"अहो, थांबा की. माझा घास व्हायचाय."

नाना रिकाम्या तोंडानं थांबले. साठ वर्षं माणूस बागेच्या घाईत जेवला होता. पाणी सोडायचंय, मजूर आलेत, गाडी भरायचीय. जेवणात थांबायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या घासाला पुन्हा तेच. तिसऱ्या घासाला त्यांनी शेवटी एक युक्ती काढली. घास उचलला की गोष्ट सुरू करायची, आणि माईंचा हात वाटीपर्यंत पोचेपर्यंत ती लांबवायची.

"आमच्या आजोबांच्या काळी या बागेत एक मणी लागला," ते म्हणाले, "कलिंगडाएवढा."

"हं," माई म्हणाल्या आणि हळूहळू हात पुढे नेला.

"तो खुडायला माणसं चढवली. चार."

"मग?"

"त्यातला एक घसरला आणि मण्यात पडला."

"बुडवा आता," माई म्हणाल्या, आणि दोघांनी भाकरी बुडवली.

असं रोज. त्या मण्यात पडलेल्या माणसाला बाहेर काढायलाच पंधरवडा लागला. तोवर त्यानं आत संसार मांडला होता. डॉक्टर मेहजबीन एकदा दुपारी आल्या, दारातून हे दृश्य पाहिलं आणि बूटसुद्धा न काढता उलट पावली ओट्यावर जाऊन बसल्या. जेवण आटोपेपर्यंत त्या आत आल्या नाहीत.

हिवाळा आला. बागेत मण्यांत पाणी भरलं, ते पिकायला लागले. एके दिवशी दुपारी जेवण झालं, नाना उठले आणि सिंधूमाईंना उठवायला नेहमीसारखा हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला. सिंधूमाई खुर्चीशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या स्वतःच्याही अजून लक्षात आलं नव्हतं. ताट उचलून मोरीकडे निघाल्या होत्या.

  गावातला सगळ्यात बडबड्या माणूस हात हवेत धरून तसाच उभा राहिला, मोरीवर भांडं वाजेपर्यंत.

द्राक्षांचा खुडा संपल्यावर डॉक्टरांनी नानांच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. प्रयोगाचा निकाल सांगायचा होता. मांडवात सतरंज्या अंथरल्या, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, बायका एका अंगाला. अलका पुढेच बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं की माळेगव्हाणात ज्या एका माणसात विरजण नव्यानं रुजलंय, त्या म्हणजे सिंधूमाई. टाळ्या वाजल्या. आणि मग टाळ्या विझल्या, कारण एकेकाच्या डोक्यात तोच प्रश्न उगवत गेला.

तो कारभाऱ्यानंच बोलून टाकला. त्याला पोटात काही ठेवता येत नसे.

"म्हणजे माई, तुम्ही नानांचं उष्टं खाल्लंत?"

 अलकानं मान वर करून माईंकडे पाहिलं. तिच्या मागच्या बायकांनीही पाहिलं. त्यातल्या निम्म्यांच्या घरात माईंनी दिलेलं ताट होतं. सिंधूमाईंच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द यायला वेळ लागत होता.

नानांनी तेवढ्यात बायकांचे चेहरे पाहिले. आता यातल्या प्रत्येकीला घरी गेल्यावर ऐकावं लागणार होतं. बघ, शेवटी तुझ्या माईनंही खाल्लंच ना? मग तू कोण मोठी लागून गेलीस? नाना उठले, मांडवाच्या मधोमध आले आणि आवाज चढवला.

"ती कशाला खातेय? तिनं कधी खाल्लं नाही आणि खाणारही नाही. मी फसवलं तिला!"

मांडव पुढे सरकला.

"दुपारी तिचा डोळा लागला की मी कामाला लागायचो. आमटीत माझं उष्टं, भाकरीच्या पिठात उष्टं, लोणच्याच्या बरणीत उष्टं. एकदा शंका आली तिला. म्हणाली, आज आमटीला तुमचा वास येतोय. मी म्हटलं, अगं, मी शेजारी बसलोय म्हणून. मग मी युक्ती बदलली. बागेत गेलो आणि एका वेलीला रोज माझा उष्टा चहा घालायला लागलो. महिनाभरात तिच्या मण्यांतच विरजण उतरलं! ते घड आणून हिला दिले. ही बिचारी धुऊन धुऊन खायची. धुऊन जातंय होय? आत होतं ते!"

लोक हसायला लागले. कारभारी तर सतरंजीवर लोळला. पण अलका उभी राहिली, आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"नाना, यात हसण्यासारखं काय आहे? बाईला न सांगता तिच्या पोटात असं घालायचं? माईंना? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

हसणं थांबलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. दोघीतिघींनी नानांकडे पाठ फिरवली. नानांनी मान खाली घातली.

"बरोबर आहे, पोरी," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

"खोटं!"

आवाज मागून आला होता. सिंधूमाई हात न टेकता खुर्चीतून उठल्या होत्या आणि माणसांमधून वाट काढत मांडवाच्या मध्यावर येत होत्या. नानांनी डोळ्यांनी खूण केली, गप्प बस. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही.

"साफ खोटं बोलतोय हा माणूस. एकदाच फसवायला गेला होता मला, आणि घास तोंडात जायच्या आत स्वतःच सांगून बसला. नंतर माझ्या केसांत तोंड लपवून रडला. ऐक अलका, मला कुणी फसवलेलं नाही. मी जेवते याच्याबरोबर, एका ताटात, दिवसाउजेडी, डोळे उघडे ठेवून. याच्याआधी एक घास नाही, आणि याच्यानंतरही एक नाही. थांबतो तो माझ्यासाठी. ज्याला बघायचं असेल त्यानं उद्या दुपारी यावं. पण येताना आपापली भाकरी आणावी, आमच्याकडे उरत नाही!"